बोडणाची चौथी सवाष्ण

गोदूताई वाडीत हिंडायच्या तेव्हा त्यांचा एक हात कायम सुपारीच्या झाडावर असायचा. हे झाड सोडलं की ते धरायचं, ते सोडलं की पुढचं. बघणाऱ्याला वाटे, बाई झाडांवरून मायेने हात फिरवतेय. तसं वाटायला कारणही होतं. चाळीस वर्षांपूर्वी हरिहरेश्वरहून लग्न होऊन त्या दिवेआगरला आल्या, त्या या वाडीतच रमल्या. वादळात निम्मी वाडी आडवी झाली तेव्हा मार्तंडराव चार दिवस ओटीवर नुसते बसून होते. पाचव्या दिवशी गोदूताई पदर खोचून बाहेर पडल्या आणि पुढच्या वर्षभरात दोनशे रोपं त्यांनी उकिडवं बसून स्वतःच्या हाताने लावली.

खरं तर त्या झाडांचा आधार घेऊन चालत होत्या. हे त्यांच्या सुनेला, आश्लेषाला, कळायला तीन वर्षं लागली.

कारण गोदूताई सांगायच्या, गुडघा दुखतो. मग गुडघ्याला तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे की! तरी त्या लंगडत होत्याच. शेवटी अलिबागला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं झोपवलं, पाय गुडघ्यात वाकवून हलकेच आत वळवला, आणि गोदूताई कळवळून ओरडल्या.

"जांघेत दुखतं ना आजी?"

गोदूताईंनी आधी दाराकडे पाहिलं. मार्तंडराव आणि मुलगा यशोधन बाहेर बसलेत याची खात्री करून घेतली. मग मान हलवली.

"मग गुडघा कशाला सांगत होता?"

"गुडघ्यापर्यंत कळ येते हो." मग अगदी खालच्या आवाजात, "आणि ते दुसरं, पुरुषमाणसांसमोर कसं सांगायचं?"

दुखणं खुब्याचं होतं. खुब्याची कळ जांघेत उठते आणि खाली गुडघ्यापर्यंत उतरते, हे आश्लेषाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. तीन वर्षं आपण भलत्याच सांध्याला तेल चोळत बसलो, याचं तिला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी टेबलावर प्लॅस्टिकचा सांधा ठेवला. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. मधली गादी झिजली, आता हाडावर हाड घासतंय. तो गोळा कापून काढायचा, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवायचा, दांड्यावर नवा गोळा, आणि कंबरेत नवी वाटी.

"म्हणजे उखळही नवं आणि मुसळही नवं," गोदूताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. फक्त हे मुसळ उखळातून बाहेर यायला नको. आम्ही मागच्या बाजूने आत जातो, तिथले स्नायू आणि सांध्याचं आवरण कापावं लागतं. ते जुळून यायला तीन महिने लागतात. तेवढे दिवस गोळ्याला मागून धरणारं कुणी नसतं. खाली बसलात, फार वाकलात, पाय आत वळवलात, की तो मागच्या दाराने निसटलाच म्हणून समजा."

शस्त्रक्रिया जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. घरी येताच आश्लेषाने एक मोठा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात सूचना लिहून तो फ्रिजवर चिकटवला. खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. जमिनीवर किंवा पाटावर बसायचे नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना दोन पायांत उशी. पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. खाली सांध्याचं चित्रसुद्धा काढलं. कामाला येणाऱ्या मनुबाईला तिने तो दोनदा वाचून दाखवला, मार्तंडरावांना एकदा, आणि गोदूताईंना रोजच.

"आली मास्तरीण," गोदूताई म्हणायच्या.

ज्या बाईचा सगळा जन्म जमिनीवर गेला, तिला खुर्चीवर बसवणं सोपं नव्हतं. विळीवर नारळ खवणं, कार्तिकात सुपाऱ्या सोलायला बायकांच्या घोळक्यात बसणं, देवापुढची रांगोळी, सगळं खाली. मार्तंडराव अजून पाटावर जेवायचे. त्यांच्या शेजारी उंच खुर्चीवर ताट घेऊन बसताना गोदूताईंचा घास अडायचा.

"ह्यांच्या डोक्यावर बसून जेवतेय मी."

"इतकी वर्षं काय करत होतीस मग?" मार्तंडराव भातावर आमटी ओढून घेत म्हणायचे.

कमोडच्या खुर्चीची तर त्यांना इतकी लाज वाटायची की मनुबाई ती आत नेताना त्या खुर्चीवर जुनं लुगडं घालायला लावायच्या. मनुबाई म्हणायची, "आजी, देवीची पालखी चालल्यावानी दिसतीय. कुनी फुलं वाहतील बगा." पण मनुबाईचा हात पक्का होता. न्हाणीतली फरशी ती फडक्याने कोरडी करायची, मग रबरी चटई घालायची, मगच आजींना आत न्यायची. एक दिवसही तिने कुचराई केली नाही.

आता बोडणाचं सांगायला हवं.

मे महिन्यात आश्लेषाची मुलगी मधुवंती, सात वर्षांची, तापाने फणफणली. डेंग्यू निघाला. माणगावच्या दवाखान्यात पाच दिवस पोरीच्या रक्तातल्या पेशी उतरत होत्या आणि आश्लेषा तिच्या उशाशी बसून कागदावर रोजचा आकडा लिहीत होती. चौथ्या दिवशी तिने मनातल्या मनात देवीला बोलून टाकलं: आई, हिला उठव, श्रावणात तुझं बोडण भरीन. घरात दरवर्षी व्हायचं, पण गेल्या वर्षी गोदूताईंच्या पायामुळे राहिलं होतं. ते राहिलं म्हणूनच हे झालं, असं प्राणिशास्त्राच्या पदवीधराने म्हणू नये. ती तसं म्हणालीही नाही. पण तो विचार मनात येऊन बसला तो उठेना.

बोडण हे देवीचं काम, कोकणस्थांच्या घरांतून चालत आलेलं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती पाटांवर बसतात. परातीत देवी ठेवायची, तिच्यावर दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण घालायचं आणि पाची जणींनी मिळून ते हातांनी कालवायचं. कुमारिका ही त्या दिवशीची देवीच. तिला विचारायचं, अजून काय हवं? ती मागेल ते घालत राहायचं, ती पुरे म्हणेपर्यंत. तोवर कुणी उठायचं नाही. आणि पुरुषांनी बघायचं नाही, दार लावून घ्यायचं.

श्रावणातला दुसरा शुक्रवार ठरला. शस्त्रक्रियेला तेव्हा सात आठवडे झाले होते. आश्लेषा स्वतः एक, शेजारची कल्पिता, पलीकडची जागृती, आणि रुचिता चौथी. पुरण शिजलं, वाटलं गेलं. साडेनऊला रुचिताचा फोन आला. तिचे चुलतसासरे पुण्याला पहाटे गेले होते. सुतक.

आता ऐन वेळी सवाष्ण आणायची कुठून? आळीतल्या अकरा घरांपैकी सहा घरांना कुलपं. कुणी मुंबईला, कुणी मुलाकडे बंगळुरूला. एक होती तिला कालच अडचण आलेली. यशोधन ओटीवरून विचारून गेला, "मिळाली का गं चौथी?"

"मिळेल," आश्लेषा म्हणाली.

"अगं, घरातच आहे की सवाष्ण," कल्पिता म्हणाली.

"छे! त्यांना खाली बसायचं नाहीये."

"पाच मिनिटांचं तर काम. पाय लांब सोडून बसतील. आपण दोघी धरून उठवू."

जागृतीने फोनवर वेळ बघितली. आश्लेषाने मनात हिशेब केला. पाय लांब सोडला तर मांडी आणि पोट यांत काटकोन राहतो. दोन पाट एकावर एक ठेवले तर जास्तच. हिशेब बरोबर होता. परातीपर्यंत हात पोचायला पुढे वाकावं लागतं, तेवढं त्यात धरलं नव्हतं.

गोदूताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून फुलवाती वळत होत्या.

"आई, पाच मिनिटं बसाल का बोडणाला? रुचिताला सुतक आलंय."

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. "कागदावर काय लिहिलंयस मास्तरीणबाई?"

"कागद काय, सगळ्यांना सारखाच लिहून देतात. तुमचे टाकेसुद्धा सुकलेत आता." एवढं बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण ती पुढे म्हणाली, "मधूसाठी आहे हो, आई."

यावर कुठल्या आजीने नाही म्हणायचं?

दार लावलं. गोदूताई दोन पाटांवर ऑपरेशनचा उजवा पाय लांब सोडून बसल्या. बसताना चेहरा खरं तर उजळलाच होता त्यांचा; सात आठवड्यांनी बाई आपल्या जागी आली होती. दूध घातलं, दही घातलं, पुरण घातलं. हात परातीत गेले. गोदूताईंचा पोचेना. त्यांनी जरा पुढे सरकून घेतलं, मग आणखी जरा, आणि मग कुणाच्या लक्षात यायच्या आत तो लांब सोडलेला पाय गुडघ्यात दुमडून त्या परातीवर ओणवल्या.

आश्लेषाच्या लक्षात आलं होतं.

"देवीला अजून काय हवं?"

"मध!" मधुवंती म्हणाली. मध घातला. "अजून मध!" बायका हसल्या. "आता दूध. आता साखर. आता परत दूध." मे महिन्यात जिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं ती पोर कोपरापर्यंत हात बरबटून खिदळत होती, आणि प्रत्येक 'अजून'ला आश्लेषाला भरून येत होतं. तिने सासूकडे पाहिलं. गोदूताईंच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"आजी, तू का नाही कालवत? तुला काय हवंय?"

"मला काही नको गं देवी. तू घे पोटभर."

मधूला नुसती खूण केली असती तरी ती पुरे म्हणाली असती. शहाणी पोर आहे. आश्लेषाने खूण केली नाही. देवीचं मन भरायला हवं होतं, पूर्ण भरायला हवं होतं, काही म्हणजे काही बाकी राहायला नको होतं. पाच मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस झाली.

पुरे झाल्यावर दोघींनी गोदूताईंना काखेत धरून उचललं. हात तुपामधाने माखलेले. पकड सुटली, गोदूताईंचा तोल एका बाजूला गेला, दुमडलेला पाय आत वळला आणि खट् असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. त्यानंतरची किंकाळी मोठी होती.

यशोधन दाराशी धावत आला. कल्पिताने काय सुचून कोण जाणे, दोन्ही पाट पायाने बाजूला सारले. आश्लेषाने कडी काढली.

"काय झालं?"

"मागच्या दाराने न्हाणीशी गेल्या होत्या," ती म्हणाली, "पाय सरकला. उचलून इथे आणलं."

शब्द आधी बाहेर पडले आणि विचार मागून आला. सतरंजीवर पडलेल्या गोदूताईंनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

पावसामुळे दिघीची फेरीबोट बंद होती, म्हणून रुग्णवाहिका म्हसळ्यावरून लांबच्या रस्त्याने निघाली. प्रत्येक खड्ड्याला गोदूताईंचा ओठ दाताखाली जायचा. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल आत वळलेलं होतं. आश्लेषाला ते बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघताही येत नव्हतं. तीन तासांत गोदूताई एकदाच बोलल्या.

"मधूला जेवायला वाढलं का गं कुणी?"

पुढे ड्रायव्हरशेजारी बसून यशोधन फोनवर बोलत होता. आवाज मागेपर्यंत येत होता. "मनुबाई, किती वेळा सांगितलंय फरशी कोरडी ठेवायची म्हणून? ...मी काही ऐकणार नाही. उद्यापासून येऊ नका."

आश्लेषाने तेव्हाही तोंड उघडलं नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या गप्प बसण्याची. पहिलं खोटं घाबरून निघून गेलं होतं. हे दुसरं तिने शुद्धीत, म्हसळ्याच्या घाटात, बसल्या जागी केलं होतं.

अलिबागला लगेच फोटो काढला. गोळा वाटीतून निसटून मागे वर चढला होता. सर्जननी फोटो उजेडावर धरला. मार्तंडराव, यशोधन, आश्लेषा समोर उभे, खाटेवर गोदूताई.

"कसं झालं?"

"न्हाणीत घसरली," यशोधन म्हणाला.

"कुठल्या बाजूवर पडलात आजी? कुठे खरचटलं नाही, काळंनिळं नाही."

"पडले नाही. नुसता पाय सरकला," गोदूताई म्हणाल्या. सुनेकडे न बघता म्हणाल्या.

सर्जननी फोटो खाली ठेवला. "मग जरा अवघड आहे. हे बघा, गुंगी देऊन मी गोळा परत आत बसवीन, त्याला पाच मिनिटं लागतात. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फोटोत वाटी ठीक दिसतेय. पण उभ्या माणसाचा नुसता पाय सरकून सांधा सुटत असेल, तर वाटीचा कोन चुकलाय असं मला धरावं लागेल. मग सीटी स्कॅन, आणि कदाचित परत उघडून वाटी बदलायची. सहासष्टाव्या वर्षी दोन महिन्यांत दुसरं ऑपरेशन. म्हणून विचारतोय. नक्की कसं झालं?"

आश्लेषाने गोदूताईंकडे पाहिलं. त्यांनी अगदी बारीक मान हलवली: नको. ही बाई सुनेची अब्रू झाकायला परत कापून घ्यायला तयार आहे, हे आश्लेषाला कळलं, आणि आता गप्प राहणं बोलण्यापेक्षा जड झालं.

"त्या घसरल्या नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना खाली बसवलं. बोडणाला."

"कशाला?"

सर्जन लातूरकडचे. त्यांना बोडण ठाऊक नव्हतं. आश्लेषा सांगू लागली, चार सवाष्णी, परात, कालवणं; पण सांगताना वाक्यं तुटायला लागली. ते मध्येच म्हणाले, "मला पाय कुठे होता तेवढं हवंय. कंबरेतून किती वाकल्या होत्या? बसून दाखवता का?"

आणि मग बोडणासाठी नेसलेली रेशमी साडी सावरत आश्लेषा त्या खोलीच्या पांढऱ्या फरशीवर बसली. नवरा, सासरे, सर्जन आणि एक नर्स उभे होते. तिने पाय लांब सोडला. "आधी असा होता." मग गुडघा दुमडून छातीशी आणला आणि समोर नसलेल्या परातीवर ओणवून दोन्ही हात पुढे केले. "मग असा. पंचवीस मिनिटं." मार्तंडरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बोडण पुरुषांनी बघायचं नसतं, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं.

"आणि उठताना?"

"आम्ही धरलं होतं. हात सुटला. पाय आत वळला."

"ठीक," सर्जन म्हणाले. "असं केल्यावर कुणाचाही सुटेल. वाटीचा दोष दिसत नाही." ते रागावले नाहीत. तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते नर्सकडे वळून गुंगीची तयारी सांगू लागले.

यशोधन तिच्याकडे बघत होता. "आणि मी मनुबाईला..." एवढंच म्हणाला, आणि फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"नको," आश्लेषा फरशीवरूनच म्हणाली. "ते मी करते."

सांधा पाच मिनिटांत बसला. फाडाफाडी झाली नाही. सहा आठवडे कंबरेपासून मांडीपर्यंत कडक पट्टा, आणि तीन महिन्यांची मोजणी पहिल्यापासून. गुंगी उतरल्यावर गोदूताईंनी पाणी मागितलं. आश्लेषाने नळीने पाजलं.

"मी नाही म्हणायला हवं होतं," गोदूताई म्हणाल्या. "मलाच बसायचं होतं. उगाच सगळं आपल्या अंगावर ओढून घेऊ नकोस."

"मीच बसवलं, आई."

"हो, बसवलंस." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "जांघ म्हणायला मला तीन वर्षं लागली, तेही पुरुष बाहेर बसलेले असताना. तू सकाळचं दुपारी बोललीस."

हे कौतुक होतं की काय, आश्लेषाला ठरवता आलं नाही. कौतुक घ्यायची तिची तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर ती मनुबाईच्या वाडीवर गेली. मनुबाई अंगणात भाताचं तूस पाखडत होती. आश्लेषाने चपला काढल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मनुबाईने सूप थांबवलं नाही.

"माला ठावं हुतं, वैनी."

"काय?"

"त्या दिवशी आंघूळ झाल्यावर आजींनी न्हाणीत पाऊलच ठिवलं न्हवतं. मी चटई सकाळी पडवीत वाळत घातली ती संध्याकाळपत्तुर वळणीवरच हुती. दादा फोनवर वरडत हुते, मी आयकून घेतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय व्हयल? मोठ्या घरची सून खोटी का कामवाली खोटी?" तिने तूस फुंकलं. "वाईट वाटलं. न्हाय कशाला म्हनू."

दुसऱ्या दिवशी मनुबाई कामावर परत आली. उंबऱ्यात पाय धुतले, आणि नेहमीसारखी न्हाणीकडे न जाता फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. गोदूताई पट्टा बांधून उंच खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या.

"वैनी, ह्यो कागद वाचा जरा."

"तुला पाठ आहे की सगळा."

"माला हाय. वाचा तरी."

आश्लेषाने कागदाकडे पाहिलं. अक्षर सुरेख होतं, चित्रही. खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. दुसऱ्या ओळीशी ती थांबली. गोदूताईंनी वाती वळायचं थांबवलं होतं.

"जमिनीवर किंवा पाटावर," तिने वाचलं, "बसायचे नाही."

"फुडं," मनुबाई म्हणाली.